राज्य गेले, शाळा राहिली

कावेरीच्या मुलखात गेलेल्या मराठी माणसाची पावले तंजावरकडे आपोआप वळतात. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहावा, सरस्वती महालातील मोडी कागद आणि पोथ्या पाहाव्यात, आणि एवढ्या दूर आपली भाषा कशी नांदली असेल ह्या विचारात बाहेर पडावे, हा तेथला ठरलेला क्रम. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली संपले. त्यानंतर मराठी उरली ती तेथल्या मराठी घरांत, स्वयंपाकघरात आणि देवघरात. शेजारच्या तमिळ माणसाने ती हौसेने शिकायला यावे, असे काही तिच्याभोवती उरले नाही.

तेथून निघालेला प्रवासी त्याच दिवशी पुदुच्चेरीला, म्हणजे आपल्या जुन्या ओळखीच्या पाँडेचरीला पोहोचू शकतो. तेथे फ्रेंचांचे राज्य होते. तेही गेले. १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताच्या हाती आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायद्यानेही हस्तांतर पुरे झाले. परंतु १८८९ साली तेथे सुरू झालेली फ्रेंच शिकवणारी एक संस्था राज्याबरोबर गेली नाही. आजही तमिळ मुलेमुली तेथे स्वतःच्या पदरची फी भरून फ्रेंच शिकायला येतात. त्या संस्थेचे नाव ‘आलियाँस फ्रांसेज’. मुंबईकरांना आणि पुणेकरांना ते नाव परके नाही. पण ह्या संस्थेची जन्मकथा आणि तिच्या वाढीचे मर्म फारसे कोणी सांगत नाही. सणाच्या दिवसांत पाहुण्यांची आणि यजमानांची गोष्ट सांगायला हरकत नसावी. कारण ही गोष्ट अखेर एका पाहुण्या भाषेचीच आहे.

ह्या संस्थेचा जन्म पराभवाच्या पोटी झाला. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा दणदणीत पाडाव केला. आल्सास आणि लोरेनचा काही भाग हातचा गेला, आणि युरोपात आपला शब्द चालेनासा झाला अशी बोच फ्रेंच मनाला लागली. ही बोच दोन दिशांनी बाहेर पडली. एक दिशा वसाहतींची. १८८१ साली फ्रान्सने ट्युनिसवर आपले संरक्षण लादले, आणि पुढच्या वर्षांत आफ्रिका व आशिया खंडांत त्याचा झेंडा फडकत गेला. दुसरी दिशा शाळेची. ज्यूल फेरी ह्या मंत्र्याने १८८१–८२ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. झेंडा आणि शाळा ह्या दोन्ही ओढी ज्यांच्या ठायी एकवटल्या होत्या, अशी दोन माणसे ह्या संस्थेच्या मुळाशी आहेत. एक पॉल कांबाँ, ट्युनिसमधला फ्रान्सचा प्रतिनिधी. पुढे लंडनला राजदूत म्हणून जाऊन १९०४ च्या इंग्रज-फ्रेंच स्नेहकराराला ज्याने मोठा हातभार लावला तोच हा मुत्सद्दी. दुसरे पिएर फोंसँ, भूगोलाचे अभ्यासक आणि शिक्षण खात्यातील निरीक्षक. ट्युनिसमध्ये त्या काळी फ्रेंचांपेक्षा इटालियनांची वस्ती मोठी होती. तेव्हा केवळ शिपायांच्या जोरावर तेथे फ्रेंच वजन टिकणार नाही, शाळा काढल्या पाहिजेत, हे कांबाँला दिसत होते.

२१ जुलै १८८३ रोजी पॅरिसच्या सें-झेर्मँ मार्गावरील एका मंडळाच्या जागेत काही माणसे जमली आणि संस्थेचा संकल्प सोडला गेला. तिचे मूळ लांबलचक नाव तिचा हेतू उघड सांगते: वसाहतींत व परदेशांत राष्ट्रभाषेचा प्रसार करणारी फ्रेंच संघटना. आरंभीच्या मंडळातील नावे वाचली म्हणजे एखाद्या विश्वकोशाची पाने चाळल्यासारखे वाटते. सुएझचा कालवा खणणारे फेर्दिनां द लेसेप्स, जंतुशास्त्राचे जनक लुई पाश्चर, पंडित एर्नेस्त रनाँ, पुस्तक-प्रकाशक आर्माँ कोलँ, आणि आपल्या फिलिआस फॉगला ऐंशी दिवसांत जगाभोवती फिरवताना वाटेत मुंबईस उतरवणारे ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांच्या लेखणीतून व्हर्न मराठी मुलांच्या घराघरांत पोहोचले. पण कथा लिहिणारा हा गृहस्थ भाषाप्रसाराच्या मंडळातही बसत असे, हे त्या मुलांना कोठून ठाऊक असणार!

त्या वेळी फ्रान्समध्ये चर्चवाले आणि चर्चविरोधक ह्यांच्यात विस्तव जात नव्हता. तरीही ह्या मंडळात कॅथॉलिक कार्डिनल लाव्हिजेरी होते, प्रॉटेस्टंट होते, ज्यू होते आणि कोणताच धर्म न मानणारेही होते. संस्थेच्या व्यासपीठावर धर्म आणि राजकारण ह्यांचे वाद आणायचे नाहीत, असा दंडक त्यांनी घालून घेतला. हा दंडक पुढे फार कामाला आला.

येथे एक विसंगती नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या वर्षांत परदेशी माणसाला गोड बोलून फ्रेंच शिकवण्याचे बेत पॅरिसमध्ये चालले होते, त्याच वर्षांत ब्रिटनीच्या खेड्यापाड्यांत शाळेत ब्रेतों भाषेचा शब्द उच्चारणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुना जोडा अडकवला जात असे. दुसरा एखादा अपराधी सापडेपर्यंत तो त्याने वागवायचा, आणि शाळा सुटताना तो ज्याच्या गळ्यात असेल त्याने शिक्षा भोगायची. रनाँ स्वतः ब्रेतों. १८८२ च्या मार्चमध्ये सोर्बोनमधील आपल्या विख्यात व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले होते की राष्ट्र भाषेने घडत नाही. एकत्र नांदण्याच्या इच्छेने घडते. भाषा एकत्र येण्याचे आमंत्रण देते, सक्ती करीत नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. घरच्या मुलांच्या बाबतीत फ्रेंच सरकारने तो ऐकला नाही. बाहेरच्यांच्या बाबतीत मात्र आलियाँसला तो ऐकावाच लागला. कारण बाहेर तिच्या हाती छडी नव्हती.

छडी नसणे हेच ह्या संस्थेच्या भाग्याचे ठरले. १८८४ साली बार्सेलोनात शाखा निघाली. त्याच वर्षी मेक्सिकोत निघाली, आणि ही गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. तिसऱ्या नेपोलियनने मेक्सिकोवर फौज धाडून तेथे आपल्या मर्जीतला बादशहा बसवला होता, आणि १८६७ साली मेक्सिकन प्रजासत्ताकाने त्या बादशहाला, माक्सिमिलियनला, गोळ्या घातल्या. त्या घटनेला पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. ज्या शहरातून फ्रेंच फौज हात हलवत परतली, त्याच शहरात फ्रेंच भाषेला जागा मिळाली. फौजेचे जे झाले ते भाषेचे झाले नाही, कारण ती वेगळ्या दाराने आत आली.

त्याच १८८४ साली मॉरिशसमध्येही शाखा स्थापन झाली. मॉरिशसवर १८१० पासून इंग्रजांचा अंमल होता. म्हणजे तेथेही फ्रेंच राज्य नव्हते; फ्रेंच होती ती लोकांच्या जिभेवर. ह्याच बेटावर एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरी करण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून गेलेली मराठी माणसेही उतरली होती. त्यांचे वंशज आज घरात बहुधा फ्रेंच मुळाची क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात आणि शिवाय मराठीचा तासही घेतात. एका लहानशा बेटावर इतक्या भाषा एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या आहेत, हे दृश्य पाहण्यासारखे खरे.

१८९० साली मेलबर्नला जी शाखा निघाली, तिची स्थापना एका बाईंनी केली. बेर्त मुशेत ह्या चित्रकार शिक्षिका तेथे मुलींची शाळा चालवीत. त्यांच्या नावाची फ्रेंच कवितापाठाची आणि संभाषणाची स्पर्धा तेथे विद्यार्थ्यांसाठी चालत आली आहे. इंग्रजी मातृभाषा असलेली ऑस्ट्रेलियन पोरे फ्रेंच कविता पाठ करून परीक्षकांसमोर उभी राहतात, ह्यात कोणत्याही सरकारचा हुकूम नाही. एका शिक्षिकेची हौस आणि गावाने ती जपण्याची आस्था, एवढेच तिचे भांडवल. १८९३ साली ब्युनॉस आयर्सचे दार उघडले, आणि अर्जेंटिना तर पुढे ह्या संस्थेचा बालेकिल्लाच बनला.

आता ही शाखा निघते कशी ते सांगितले पाहिजे, कारण सगळे मर्म त्यातच आहे. पॅरिसहून कोणी अधिकारी येऊन कचेरी थाटत नाही. त्या त्या गावातले काही लोक एकत्र येतात: एखादा प्राध्यापक, एखादा वैद्य, एखादा व्यापारी, फ्रेंच वाङ्मयाची गोडी लागलेली एखादी गृहिणी. ते आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवतात, कार्यकारी मंडळ निवडतात आणि मग पॅरिसकडे मान्यता मागतात. मंडळाचे अध्यक्ष आणि सभासद मानद असतात. त्यांना वेतन नाही. नफा कोणी वाटून घ्यायचा नाही. शिक्षकांचे पगार, जागेचे भाडे, ग्रंथालयाची पुस्तके ह्यांचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. काही मोठ्या शाखांत फ्रेंच सरकार आपल्या पगारावर संचालक पाठवते, ही गोष्ट खरी. पण घर यजमानाचे असते. फ्रान्समध्ये १८८६ साली संस्थेला ‘लोकोपयोगी’ म्हणून सरकारी मान्यता मिळाली, तरी ती सरकारी खाते बनली नाही. आपल्याकडच्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांची घडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा कारभार परका वाटणार नाही.

पॅरिसमध्ये १८९४ पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी सुटीचे वर्ग सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, रास्पाय मार्गावर कायमची शाळा उभी राहिली. जगभरच्या तरुण-तरुणी तेथे एका बाकावर बसू लागल्या. मग दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या; त्यांनी संस्थेच्या मुख्य कचेरीला टाळे लावले आणि तिची कागदपत्रे उचलून नेली. मूळच तोडले, आता फांद्या वाळणार, असा त्यांचा हिशेब असावा. पण ह्या झाडाची रचना वडासारखी निघाली. प्रत्येक पारंबीने आपापल्या जमिनीत मूळ धरले होते. पॅरिसची कचेरी बंद असताना दूरदूरच्या शाखांचे वर्ग चालू राहिले. कारण त्यांची जागा त्यांची, मंडळ त्यांचे, पैसा त्यांचा होता. ३० ऑक्टोबर १९४३ रोजी संस्थेच्या साठाव्या वर्धापनानिमित्त जनरल द गॉल ह्यांनी अल्जिअर्स येथे भाषण केले. फ्रान्सची भूमी शत्रूच्या ताब्यात आणि सेनापती भाषण करतो आहे ते भाषाशिक्षण करणाऱ्या संस्थेच्या समारंभात! देश हातात नसताना देशाचे नाव जिवंत ठेवणारी एवढी विस्तृत जागा त्या घटकेला दुसरी क्वचितच होती, हे त्यांनी ओळखले होते.

युद्ध संपल्यावर आणखी कठीण परीक्षा आली. ज्या वसाहतींसाठी म्हणून संस्थेचा जन्म झाला होता, त्या एकामागून एक सुटू लागल्या. इंडोचीन गेले, पुदुच्चेरी गेली, ट्युनिसिया आणि मोरोक्को १९५६ साली स्वतंत्र झाले, १९६२ साली रक्ताचे पाट वाहून अल्जीरिया सुटले. नावातला ‘वसाहती’ हा शब्द अर्थशून्य झाला. ह्या काळात, १९४४ पासून १९७८ पर्यंत, मार्क ब्लांपँ हे लेखक संस्थेचे सरचिटणीस होते. साम्राज्य मावळत असताना ह्या संस्थेच्या शाखा मात्र वाढत गेल्या. १९५३ साली पॅरिसच्या शाळेतील गास्तों मोजे ह्यांनी निळ्या वेष्टनाचे एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले. फ्रान्सला आलेल्या एका कॅनेडियन कुटुंबाबरोबर विद्यार्थ्याने पॅरिस हिंडावे, त्यांच्याबरोबर जेवावे, बाजार करावा आणि भाषा शिकावी, अशी त्याची धाटणी. पुढची कित्येक वर्षे जगभरच्या वर्गांत हे निळे पुस्तक राबले. त्यातला फ्रान्स फार नीटनेटका, खाऊनपिऊन सुखी आणि पॅरिसपुरता आहे, असा आक्षेप पुढे आला, आणि तो रास्तही होता. पण एका पुस्तकाच्या आधाराने लिमामधला विद्यार्थी आणि मुंबईतला विद्यार्थी एकच धडा घोकत होते, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईची शाखा १९३८ सालची. इंग्रजी राज्य अजून पुरते बसलेले, आणि त्या राज्याच्या एका मोठ्या बंदरात काही लोक फ्रेंच शिकण्याचा घाट घालतात! इंग्रजी ही पोटाची आणि कचेरीची भाषा होती. फ्रेंच शिकणे कोणाला भाग नव्हते. ती निवडलेली भाषा होती. न्यू मरीन लाइन्सवरच्या थिऑसफी हॉलमध्ये ह्या शाखेचा संसार अनेक वर्षे मांडलेला आहे. शहराचे नाव बदलले तरी शाखेच्या नावातले ‘बॉम्बे’ तसेच राहिले. पुढे पुण्यातही शाखा झाली, आणि आज भारतात डझनाहून अधिक शहरांत ह्या संस्थेचे वर्ग भरतात. नोकरीसाठी शिकणारे, कॅनडाला जाण्याची तयारी करणारे, आणि केवळ बोदलेर मुळातून वाचावा म्हणून येणारे, असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी एका वर्गात बसतात. फ्रेंच चित्रपट दाखवावेत, संगीताच्या बैठकी भरवाव्यात, नाटके करावीत, हा ह्या शाखांचा दुसरा उद्योग.

ह्या शिक्षणाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे फ्रेंच साहित्य आले ते पुष्कळदा इंग्रजीच्या दारातून. हरिभाऊ आपट्यांनी मोलिएरच्या नाटकावरून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हा फार्स रचला तेव्हापासून मोलिएर, ह्युगो, द्युमा, व्हर्न ही मंडळी आपल्या घरी येत आहेत. पण बरेचदा मध्यस्थाचा हात धरून. भाषा थेट शिकली म्हणजे मध्यस्थ सुटतो. आणि ही देवघेव एकतर्फी राहू नये म्हणून झटणारी माणसेही होऊन गेली. गी दल्युरी ह्या फ्रेंच अभ्यासकाने मराठी शिकून तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले; ते पुस्तक १९५६ साली पॅरिसमध्ये निघाले. १९६० साली विठोबाच्या उपासनेवरील त्याचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. गी पॉइत्व्हँ ह्या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने तर पुण्याला घर केले आणि हेमा राईरकर ह्यांच्यासह मावळातल्या व इतर भागांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हजारोंनी गोळा केल्या. ही कामे आलियाँसची नव्हेत. पण एखादा फ्रेंच मनुष्य देहू-आळंदीपर्यंत येतो तो मराठी शिकून येतो, हे ध्यानात घ्यावे; भाषेची शाळा दोन्ही तीरांवर लागते.

आलियाँसच्या पाठोपाठ इतर देशही जागे झाले. इटलीने १८८९ साली दान्तेच्या नावाने संस्था काढली, इंग्रजांची ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, जर्मनांची ग्योटे संस्था १९५१ ची (आपल्याकडे ती माक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाते), स्पेनची सेर्व्हान्तेस संस्था १९९१ ची. २००५ साली स्पेनचा ‘प्रिन्स ऑफ आस्तुरियास’ पुरस्कार ह्या सर्व संस्थांना आणि पोर्तुगालच्या कामोंइश संस्थेला मिळून देण्यात आला. एके काळी ज्या राष्ट्रांनी एकमेकांवर तोफा डागल्या, त्यांच्या भाषाशाळा एका व्यासपीठावर बसल्या.

दोषही सांगितले पाहिजेत. फीवर चालणारी संस्था फी परवडणाऱ्यांची होते, ही तिची मर्यादा आहे. फ्रेंच परराष्ट्र खात्याचा हात तिच्या खांद्यावर असतो, आणि त्या हाताचे वजन कधी कधी जाणवते. तरीही तिने स्वतःला बदलले. २००७ साली पॅरिसमध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि ज्या पॅरिसच्या शाळेने इतकी वर्षे आईचा मान घेतला, ती इतर शाखांसारखीच एक शाखा झाली. आज जगात आठशेहून अधिक शाखा आहेत, त्या सव्वाशेहून अधिक देशांत पसरल्या आहेत आणि सुमारे पाच लाख विद्यार्थी त्यांत शिकतात.

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि आपण सर्वांनी आनंद मानला. तो मानायलाच हवा होता. अमेरिकेत महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवतात. आईबाप स्वयंसेवक म्हणून शिकवतात. ते कामही थोर आहे. पण ह्या शाळा बहुतांशी आपल्याच नातवंडांसाठी आहेत. ज्याची आई मराठी नाही, अशा माणसासाठी आपण दार कोठे ठेवले आहे? मुंबईला पोटासाठी आलेल्या परप्रांतीयाने मराठी बोलावे असा आग्रह आपण धरतो, आणि तो अयोग्य नाही. पण दिवसभर राबून आलेला तो मनुष्य संध्याकाळी सात वाजता वही घेऊन बसेल असा वर्ग, त्याच्या खिशाला परवडेल अशी फी, त्याच्या रोजच्या जगण्यातले शब्द असलेले एखादे सुटसुटीत पुस्तक, आणि चुकले तर न हसणारा मास्तर, ही सामग्री त्याच्या चाळीजवळ मिळते का? काही ठिकाणी मिळते. ती सगळीकडे मिळायला हवी.

ब्रेतों पोराच्या गळ्यात जोडा अडकवून फ्रान्सने ब्रेतों जवळजवळ मारली. पण त्या पोराच्या मनात फ्रेंचबद्दल प्रेम उपजवले असे कोणी म्हणणार नाही. पुदुच्चेरीतल्या तमिळ मुलीला कोणी काही अडकवले नाही. तिच्या गावातल्याच लोकांनी एक जागा राखली, दिवा लावला, फळा पुसून ठेवला आणि सांगितले, ये, बस. ती येऊन बसली. तिच्यामागून तिची मुले आली. तंजावरच्या देवळावर कोरलेली मराठी अक्षरे दोनशेहून अधिक वर्षे ऊनपाऊस सोसत उभी आहेत. दगडावर आपण पुष्कळ लिहिले. आता पाटीवर लिहायला बसलेल्या शेजाऱ्याचा हात धरण्याचे काम बाकी आहे.